कपाळ गार झालं, मग ताप का उतरला नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. काल दुपारपासून ताप, काखेत १०२.४. नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, पाणी पितोय, ताप जरा कमी असला की खेळतोसुद्धा. मेडिकलमधून कूलिंग पॅच आणून कपाळाला लावलात. दोन तासांनी कपाळ हाताला गार लागलं, पण थर्मामीटर जागचा हलला नाही. औषध होईल तेवढं कमी द्यायचं म्हणून पॅरासिटामॉलचं सिरप अडीच मिली दिलंत, गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवरून. सासूबाई म्हणतात मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेव. आणि तुम्ही विचारताय की पॅच दुसऱ्या कंपनीचा घ्यावा का, की मान आणि काखेतही एकेक लावावा, आणि ताप डोक्यात तर जाणार नाही ना.

पॅच खराब निघालेला नाही. त्याला जे जमतं ते त्याने केलं, कपाळ गार केलं. अंगातला ताप उतरवणं कुठल्याच कंपनीच्या पॅचला जमत नाही. तुमच्या घरातली खरी अडचण त्या अडीच मिलीत आहे. तिथे मी येतेच, पण आधी पॅचचा हिशोब करू, कारण तो समजला की घड्या, बर्फ, कोलनवॉटर या सगळ्यांचंच उत्तर मिळतं.

पॅच म्हणजे कापडाच्या पट्टीवर पसरलेलं पाणीदार जेल. त्यातलं पाणी हळूहळू उडून जातं आणि जाताना खालच्या त्वचेतली उष्णता घेऊन जातं. मडक्यातलं पाणी गार होतं तसंच हे. काही पॅचमध्ये मेंथॉल असतं. त्याने त्वचेला गारवा 'वाटतो', तापमान प्रत्यक्षात तेवढं कमी होत नाही. आता आकडे बघा. पॅच साधारण १२ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे ६० चौरस सेंटीमीटर. तुमच्या मुलाच्या सगळ्या त्वचेचं क्षेत्रफळ सव्वापाच-साडेपाच हजार चौरस सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे आपण शंभरातला एक भाग गार करतोय. समजा आठ तासांत त्या जेलमधलं १० ग्रॅम पाणी उडालं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता नेतं, म्हणजे एकूण सहाच्या आत. तेवढ्याच आठ तासांत १२ किलोचं मूल नुसतं पडून राहिलं तरी त्याचं शरीर दोनशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता तयार करतं, आणि तापात त्याहून जास्त. एकाच्या जागी तीन पॅच लावले तरी दोनशेसमोर अठरा. शिवाय मी कोकणात काम करते. जुलैत इथे धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, मग त्या हवेत जेलमधलं पाणी कितीसं उडणार?

पण आकड्यांपेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. संसर्ग झाला की शरीर स्वतःच ठरवतं की आता तापमान वाढवायचं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, तिथे शरीराच्या तापमानाची पातळी ठरते. जंतूंशी लढताना प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते ही पातळी वर सरकवतं, ९८ वरून १०२, १०३. मग शरीर त्या नव्या पातळीपर्यंत पोचायला धडपडतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते. 'डॉक्टर, पोट आणि डोकं तापलंय पण हातपाय बर्फासारखे गार आहेत', हे वाक्य मला पावसाळ्यात रोज ऐकू येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, ताप चढतोय एवढाच त्याचा अर्थ. (मूल एकदम मलूल आणि निस्तेज दिसत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्याबद्दल खाली सांगते.)

पातेलं गॅसवर आहे, आच चालू आहे आणि आपण झाकणावर ओलं फडकं ठेवतोय, असा हा प्रकार आहे. फडकं गार राहील, झाकणही थोडं गार होईल. आतलं पाणी निवायचं असेल तर आच कमी करावी लागते. पॅरासिटामॉल हे आच कमी करणारं औषध आहे. ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, वर सरकलेली पातळी खाली येते, मग शरीर आपणहून उष्णता सोडायला लागतं. त्वचा लालसर होते, घाम फुटतो. याच वेळी अंगावरचं पांघरूण काढलं, पंखा मंद लावला, कपाळावर ओली घडी किंवा पॅच ठेवला तर मुलाला बरं वाटतं. ताप चढत असताना, हुडहुडी भरलेली असताना तोच पॅच लावला तर मूल तो ओढून काढतं, आणि त्याचं बरोबर असतं.

आता सासूबाईंच्या घड्या. मी शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डात तापाच्या प्रत्येक मुलाचं अंग पुसून काढलं जायचं, मीही शेकडो वेळा पुसलं आहे. अंग पुसल्यावर पहिला अर्धा-एक तास ताप जरा लवकर उतरतो, पण दोन तासांनी बघितलं तर नुसतं पॅरासिटामॉल दिलेलं मूल आणि औषधासोबत पुसून काढलेलं मूल यांत फारसा फरक राहत नाही. पुसलेलं मूल मात्र जास्त रडतं, जास्त कुडकुडतं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००७ मध्येच लहान मुलांच्या तापासाठी कोमट पाण्याने अंग पुसण्याची शिफारस नाही असं लिहिलं. तेव्हापासून मीही घरी कुणाला अंग पुसायला सांगत नाही. सासूबाईंना कपाळावर साध्या पाण्याची घडी ठेवायची असेल तर जरूर ठेवू दे. त्यात मीठ घातल्याने काही वाढत नाही. आजीचा हात कपाळावर असला की पोर शांत झोपतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याला मी कमी लेखणार नाही. फक्त बर्फाचं पाणी नको आणि कोलनवॉटर नको. आपल्याकडे पूर्वी घरोघर ती बाटली असायची, त्या वासाशी अनेकांचं लहानपण जोडलेलं आहे. पण त्यात अल्कोहोल असतं, आणि लहान मुलाच्या अंगाला ते चोळलं तर त्वचेतून आणि श्वासातून आत जातं.

आता अडीच मिली. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षीच्या चिठ्ठीत '२५०, अडीच मिली' असं आहे आणि आत्ता घरात असलेल्या बाटलीवर '५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम' छापलंय. बघा काय झालं. गेल्या वर्षी तुमचा मुलगा ९ किलोच्या आसपास असेल. २५० च्या सिरपचे (म्हणजे ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या) अडीच मिली म्हणजे १२५ मिलिग्रॅम, त्या वजनाला अगदी योग्य. आज तो १२ किलोचा आहे आणि सिरप निम्म्या ताकदीचं. अडीच मिलीतून त्याला जेमतेम ६२ मिलिग्रॅम मिळालं. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असतो, म्हणजे त्याला १२० ते १८० हवं होतं. मिळालं त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. ताप उतरला नाही यात नवल नाही.

तुमच्या हातातल्या बाटलीतलं ७ मिली म्हणजे १७५ मिलिग्रॅम. त्याला कधी यकृताचा त्रास झालेला नसेल, दुसरं काही मोठं औषध चालू नसेल आणि तो थोडंफार खात-पीत असेल तर एका वेळी एवढं चालतं. पुढचा डोस लागलाच तर सहा तासांनी, अगदीच गरज पडली तर चार तासांनी, त्याआधी नाही, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. चमच्याने मोजू नका. बाटलीबरोबर मिळणारं मापाचं झाकण किंवा सुईविना सिरिंज वापरा, कारण घरातला एक चमचा तीन मिलीचा असतो तर दुसरा आठ मिलीचा. सर्दी-खोकल्याचं एखादं सिरप चालू असेल तर त्याचं लेबल वाचा, त्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं आणि नकळत दुप्पट डोस जातो. जास्त डोस वारंवार गेला तर यकृताला इजा होते, म्हणून 'औषध कमी द्यावं' ही तुमची भावना मला समजते. पण कमी म्हणजे कमी वेळा. अर्धवट मात्रेने काहीच साधत नाही, आणि मग रात्री दोन वाजता घाबरून घरातले लोक दोन औषधं एकत्र देतात.

उलट दिशेची चूक याहून धोक्याची आहे. तान्ह्या बाळांसाठी ड्रॉप्स मिळतात, त्यांत एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. 'पॅरासिटामॉल ५ मिली' एवढंच डोक्यात ठेवून कुणी ड्रॉप्सची बाटली उचलली तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. म्हणून मी चिठ्ठीवर आणि तोंडीही मिलीबरोबर मिलिग्रॅम सांगते. तुम्हीही मुलाच्या फाइलवर वजन, तारीख आणि मिलिग्रॅम लिहून ठेवा.

औषध दिल्यावर अर्ध्या-एक तासात परिणाम दिसू लागतो. पण १०२.४ वरून लगेच ९८ होईल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन-अडीच अंश उतरला आणि पोर उठून बसलं, पाणी प्यायलं, तर औषधाने काम केलं. मला आकडा नंतर हवा असतो, आधी मूल कसं आहे ते हवं असतं. १०३ ताप असून गाडी फिरवणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही. १०० ताप असून आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेल्या, डोळे न उघडणाऱ्या मुलाची वाटते.

'ताप डोक्यात जाईल' ही भीती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे आणि ती फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये तिथल्या पालकांमध्ये हीच भीती पाहिली आणि तिला 'फीवर फोबिया' असं नाव दिलं. एरवी सुदृढ असलेल्या मुलाला साध्या संसर्गाचा १०३-१०४ ताप आला म्हणून मेंदूला इजा होत नाही. ही समजूत बहुधा उलट्या क्रमातून आली असावी. मेंदूज्वर झाला की ताप येतो, त्यामुळे तापातूनच मेंदूज्वर झाला असं लोकांना वाटलं. आकडीचंही असंच. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. पाहणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत थांबते. पॅच लावून ती टळत नाही, आणि हे पालकांना ऐकायला जड जातं, पण वेळेवर पॅरासिटामॉल देऊनही टळतेच असं नाही. आकडी आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेली तर तडक दवाखान्यात. पहिली आकडी थांबली तरी त्याच दिवशी दाखवा.

पॅच वापरायचाच असेल तर काही गोष्टी पाळा. त्यात कापूर असेल तर लहान मुलाला लावू नका, कापूर त्यांना विषारी ठरू शकतो. मेंथॉलचा उग्र वास तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ नको, श्वास अडखळू शकतो. पुरळ किंवा खरचटलेल्या जागेवर नको. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे झोपेत लावून ठेवू नका. जेल ओलं असतं, घामाने पट्टी सरकते आणि नाकातोंडावर येऊ शकते. पॅचचा वापर जिथे घरोघर होतो त्या जपानमध्ये एका लहान बाळाच्या बाबतीत असं घडून त्याचा श्वास कोंडल्याची नोंद आहे. मूल जागं आहे, तुम्ही समोर आहात, आणि त्याला तो गारवा आवडतोय, एवढ्या वेळेपुरता पॅच ठीक.

आणखी एक गोष्ट मी अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी ऐन पावसात रात्री अकरा वाजता दीड वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. कपाळाला पॅच होता. घरी दिवसभर कपाळासमोर धरायच्या थर्मामीटरने ताप मोजत होते, दर वेळी ९९ च्या आसपास, म्हणून सगळे निश्चिंत. मी काखेत मोजला, १०३.२. ते यंत्र गार केलेल्या कपाळाचं तापमान दाखवत होतं. फ्रॉक वर केला तर बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, मिनिटाला ५८ श्वास. न्यूमोनिया होता. मुलगी बरी झाली, पण तो एक दिवस तिने उगाच काढला. आई-वडील काळजी घेणारे होते, त्यांनी तासातासाला नोंद ठेवली होती. फक्त मोजण्याची जागा आणि गार करण्याची जागा एकच होती. म्हणून ताप काखेत मोजा, काख कोरडी करून, साध्या डिजिटल थर्मामीटरने.

इथपर्यंतचं सगळं तुमच्या मुलासारख्या मुलांसाठी आहे. परिस्थिती बदलली की उत्तरही बदलतं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा जास्त असेल तर ना पॅच, ना घरचं औषध, सरळ डॉक्टरकडे, मध्यरात्र असली तरी. हृदयाचा, किडनीचा जुना आजार असलेल्या मुलांसाठीही घरी वाट पाहत बसू नका.

उन्हाचा ताप तर पूर्ण वेगळा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे कुणी उन्हात राबून कोसळला, किंवा बंद गाडीत मूल राहिलं, तर तिथे शरीराने पातळी वाढवलेली नसते, बाहेरच्या उष्णतेने शरीर हरलेलं असतं. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी आणि बाहेरून गार करणं हाच उपचार. कपडे काढायचे, सगळं अंग ओलं करायचं, वारा घालायचा, मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या आणि हे करत करतच दवाखाना गाठायचा. पॅच तिथेही तोकडाच पडतो.

आणि पावसाळा-दिवाळीच्या दरम्यानचा ताप असेल तर माझ्या मनात डेंग्यू असतोच. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड असलेली औषधं स्वतःहून देऊ नका, पॅरासिटामॉलच द्या. अ‍ॅस्पिरिन तर मुलांच्या तापात कधीच नको. डेंग्यूत धोक्याचे दिवस बऱ्याचदा ताप उतरल्यावर सुरू होतात. ताप गेला पण मूल जास्तच मलूल झालं, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार आहेत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, असं असेल तर थर्मामीटरवर ९८ आहे म्हणून घरी थांबू नका.

आता आज रात्रीपुरतं. पॅच काढून ठेवा. झोपायच्या आधी तो तापाने किरकिरत असेल तर १७५ मिलिग्रॅम द्या, शांत असेल तर देऊ नका, आणि झोपलेल्याला औषधासाठी उठवू नका. एक पातळ सुती कपडा पुरे, गोधडीत गुंडाळू नका आणि उघडंही ठेवू नका. भाताची पेज, ताक, नारळपाणी, वरणाचं पाणी, जे आवडेल ते थोडं थोडं देत राहा; ताप असताना अंगातलं पाणी जास्त जातं. जेवला नाही तर एक दिवस चालेल, लघवी मात्र सहा-आठ तासांत व्हायला हवी. तो झोपला की फ्रॉक वर करून पाहिला तसा त्याचाही शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. त्याच्या वयाला मिनिटाला ४० किंवा जास्त असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मान ताठ वाटत असेल, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसत असतील, किंवा औषधाने ताप उतरूनही तो तुमच्याकडे बघत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका.

यातलं काहीच नसेल तर परवा दुपारी ताप सुरू होऊन तीन दिवस पूर्ण होतील. तोवर ताप गेला नसेल तर त्याला तुमच्या डॉक्टरांना दाखवा, जाताना औषधाची बाटली आणि ती जुनी चिठ्ठी दोन्ही बरोबर घ्या, आणि आजच्या वजनावर नवा डोस लिहून घ्या.